औषधाच्या तासांत शेजारी बसणाऱ्या लेकीस

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

सायलोसायबिन (काही अळंब्यांत आढळणारे, भास घडवणारे द्रव्य) आणि एमडीएमए (नशेसाठीही विकली जाणारी, जवळीक व विश्वास वाढवणारी गोळी) यांच्या साहाय्याने करावयाच्या मानसोपचाराचे प्रशिक्षण घेण्याचे तू ठरवलेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. तुझ्या बाबांना एमडीएमए हे नाव वर्तमानपत्रांतील छाप्यांच्या बातम्यांमुळेच ठाऊक असल्याने ते अस्वस्थ झाले. आपल्याकडे ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. तू जिथे हे काम करणार आहेस त्या ऑस्ट्रेलियात मात्र १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना आघातोत्तर तणावाच्या आजारासाठी (पीटीएसडी) एमडीएमए आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येते, हे मी त्यांना समजावून सांगितले. माझी काळजी कायद्याची नाही. ती भूलतज्ज्ञ म्हणून केलेल्या नोकरीतून आलेली आहे.

कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत केटामाइन या भुलीच्या औषधावर आमची मोठी भिस्त असे, कारण त्याने रुग्णाचा श्वास सहसा मंदावत नाही आणि रक्तदाबही कोसळत नाही. शुद्धीवर येताना मात्र काही बायका विलक्षण बोलत. कोणी वारलेल्या आईशी बोले, तर कोणी आपलेच शरीर वरून पाहिल्याचे सांगे. असे होऊ नये म्हणून आम्ही डायझेपाम हे शामक औषध देत असू, आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णासाठी ते योग्यच होते. तू ज्या वाटेने निघाली आहेस, तिथे आम्ही जे दाबत होतो त्याच्याच सोबतीने तास न् तास बसायचे असते. त्या बायकांकडे पाहून एक गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसली : त्या अवस्थेत माणूस शेजारच्याच्या आवाजाच्या पूर्ण स्वाधीन असतो. परिचारिका खेकसली की बाई किंचाळत उठे, आणि तिचा हात धरून नावाने हाक मारली की तीच बाई निवांत होई. औषध तेच, मात्राही तीच.

तुझ्याआधी या वाटेने गेलेल्यांकडे मी याच नजरेने पाहते. मनोविकारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड इंग्लंडहून १९५१ मध्ये कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात वेबर्नच्या मनोरुग्णालयात गेले आणि तेथे एब्रम हॉफर यांच्याबरोबर मद्यपींवर एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्याचे उपचार करू लागले. दुसरे मनोविकारतज्ज्ञ स्तानिस्लाव ग्रोफ यांनी १९५६ मध्ये प्रागमध्ये स्वतः एलएसडी घेतले, पुढे ते अमेरिकेत गेले, आणि कायद्याने दार बंद केल्यावर पत्नी क्रिस्टिना यांच्यासह औषधाशिवाय, जलद श्वासोच्छ्वासाने तशी अवस्था आणण्याच्या पद्धतीकडे वळले. जन्माच्या वेळच्या क्लेशांबद्दलचे त्यांचे सिद्धान्त मला पटत नाहीत, परंतु रुग्णाजवळ बसण्याची त्यांची चिकाटी मला मोठी वाटते. त्या पिढीने औषध आधी स्वतः घेतले, आणि मग स्वतःला आलेली प्रचीती रुग्णातही शोधली. त्यांच्या निष्कर्षांना त्या भारावलेपणाचा रंग चढला, असे माझे मत आहे. (मी तुझी आई असल्यामुळे हे मत पूर्णपणे निःपक्ष नाही, हे तू ओळखशीलच.) एमडीएमएच्या चाचण्या करणाऱ्या मायकेल मिथोफर यांचा मार्ग मला अधिक आश्वासक वाटतो, कारण आपत्कालीन विभागात काम करून ते मनोविकारशास्त्राकडे आले होते आणि नाडी व रक्तदाब या गोष्टी त्यांना गौण वाटणे शक्य नव्हते.

आता आकड्यांविषयी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आघातोत्तर तणावाच्या १०४ रुग्णांच्या चाचणीत मानसोपचारासह एमडीएमए मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्ण निदानाच्या कक्षेबाहेर आले, आणि केवळ मानसोपचार व निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के. फरक मोठा आहे. पण कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्ण आणि उपचारक दोघेही बहुतेक वेळा ओळखत होते, तेव्हा त्यातले आशेमुळे किती आणि औषधामुळे किती, हे वेगळे काढता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली, त्यामागे ही शंका होती. त्याआधी कॅनडातील एमडीएमएच्या एका चाचणीत उपचारक जोडप्याने महिला रुग्णाशी मर्यादा सोडून केलेले वर्तन चित्रफितीतच नोंदले गेले होते. तुझ्या शिक्षकांनी तो प्रसंग एखाद्या वाईट जोडप्याची कथा म्हणून सांगितला, तर तू समाधान मानू नकोस. औषधाने विश्वास वाढतो, म्हणूनच ते उपयोगी पडते आणि म्हणूनच त्याचा गैरफायदाही घेता येतो. खांद्यावर हात ठेवायचा की नाही, हे गोळी घेण्याच्या आधी, पूर्ण शुद्धीत ठरलेले आणि लिहिलेले असावे. आधी 'नको' म्हटलेल्या रुग्णाने औषधाच्या अमलाखाली 'मला जवळ घ्या' म्हटले, तर आधीचे 'नको' हेच खरे धरावे. अशा वेळी खोलीत दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे, मग दवाखान्याचा खर्च कितीही वाढो.

आणखी एक गोष्ट तुझ्या पुस्तकांत या शब्दांत नसेल. ज्यांच्या घराण्यात सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे) किंवा बायपोलर आजार (उन्माद व नैराश्य यांची आवर्तने) आहे, त्यांना या उपचारांतून सहसा वगळतात. मेलबर्नमध्ये तुझ्याकडे आपली माणसेही येतील, आणि घरात कोणाला मनाचा आजार होता का, असे विचारल्यावर ती अत्यंत सरळ चेहऱ्याने 'नाही' म्हणतील, कारण मुलींची लग्ने ठरायची असतात म्हणून ते त्यांच्यापासूनही लपवलेले असते. तेव्हा वेगळे विचार : कोणी काका घर सोडून गेले होते का, कोणा आत्याच्या अंगात येत असे का, कोणाला माहेरी आणून ठेवले होते का, कोणाला विजेचे झटके दिले होते का. यांतील प्रत्येक उत्तर म्हणजे आजार नव्हे, पण पुढची चौकशी तेथूनच सुरू होते. आणि शक्य असल्यास घरातल्या सर्वांत वयस्क बाईला फोन लाव.

तुझी,
आई