खोडरबर पाठवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. नाव कुठेही यायला नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘बाई’.

काल रात्री कादंबरीचं शेवटचं प्रूफ वाचून संपवलं. वादळी रात्री ईरा खिडकीपाशी उभी राहते ते पान आलं आणि पुढे वाचवेना. डोळे भरून आले. त्या पानाच्या समासात एके काळी तुमच्या पेन्सिलीची एक फिकट रेघ होती. हे आभार चार लोकांच्या देखत मानायचे असं मी तेव्हाच ठरवलं.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी मी बरेच उंबरे झिजवले होते. माझी अडचण एका वाक्यात मावणारी होती. मी एक जादूचं जग उभं केलं होतं, मांत्रिक, गड, उडते सर्प, सगळं होतं. पण त्या जगातल्या माणसांच्या हातात नेमकी कोणती अवजारं आहेत हे मलाच कळत नव्हतं. एका लेखन कार्यशाळेत मी हे विचारलं, तेव्हा मार्गदर्शकांनी वीस जणांसमोर विचारलं, “मग तुमच्या राजाकडे मोबाइल आहे का?” सगळे हसले. मी खाली बसलो. दुसऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, “अहो, जादू आहे ना? मग काहीही चालतं.” हे मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. काहीही चालणार असेल तर ईराच्या वडिलांनी तिच्यासाठी तलवार घडवताना महिनाभर रक्ताचं पाणी का करावं? तिसरीकडे हस्तलिखित आठ महिने पडून राहिलं आणि एका ओळीची चिठ्ठी जोडून परत आलं : ‘कालखंड निश्चित करा.’

मी ती चिठ्ठी शिरोधार्य मानली. साल ठरवलं, १४००. मग वर्षभर १४०० नंतरचं जे जे सापडेल ते ते काढत बसलो. कादंबरी दिवसेंदिवस निर्जीव होत गेली. घरातलं सगळं सामान बाहेर काढून भिंती मोजत बसावं तसं झालं होतं. लिहिणं सोडून द्यायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

आपली ओळख कशी झाली ते राहू दे. आयुष्यभर धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने एका अनोळखी, न छापलेल्या लेखकाची चारशे पानं वाचायला घ्यावीत, याला कारण काय देणार? दीड महिन्याने जाड पाकीट आलं. ते उघडलं तेव्हा पानांच्या आधी एक लहानशी कागदी पुडी हातात आली. पुडीत खोडरबर. नवा नव्हे, वापरातला. एक कोपरा झिजून गोल झालेला, कडेला शिशाचा काळसर डाग. सोबत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी होती : ‘सगळ्या खुणा हलक्या हाताने केल्या आहेत. जिथे पटणार नाही तिथे पुसून टाका. जग तुमचं आहे.’

बाई, मी पानं चाळायच्या आधी ती चिठ्ठी कितीदा वाचली असेल. लाल शाईची मला सवय होती. पानभर मारलेल्या काटाची सवय होती. माझं लिखाण तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं म्हणणं पुसायचं साधनही सोबत पाठवावं, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि खुणा खरोखरच इतक्या फिकट होत्या की पान दिव्याकडे तिरपं धरून वाचावं लागत होतं. त्या रात्री मी अख्खं हस्तलिखित तसंच तिरपं धरून वाचलं.

‘हे चूक आहे’ असं तुम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. होते ते प्रश्न. ईराची आजी काडेपेटीतली काडी ओढून चूल पेटवते, तिथे लिहिलं होतं, ‘मांत्रिक एका शब्दात आग लावतात. पण ते राजवाड्यात राहतात. गावात आग कोण देतं?’ खाली बारीक अक्षरात होतं : घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने १८२६ मध्ये शोधली, त्याच्या तीन वर्षं आधी, १८२३ मध्ये, जर्मनीत डोबरायनरने हायड्रोजन वायूवर पेटणारा दिवा केला होता. ‘म्हणजे लायटर आधी, काडी नंतर. क्रम आपल्याला वाटतो तसा नसतो.’ मी आजीच्या हातात चकमक दिली. आणि चकमक हातात आल्याबरोबर आजी जिवंत झाली! पावसाळी सकाळी कापूस सादळतो, ठिणगी धरत नाही, मग ती शेजारणीकडून निखारे आणायला जाते, आणि त्या निखाऱ्यांच्या वाटेवरच तिला सैनिक दिसतात. अख्खं प्रकरण तुमच्या एका प्रश्नातून उभं राहिलं.

सालाची ती चिठ्ठी मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत. तुम्ही दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या इंका लोकांविषयी सांगितलंत. त्यांच्याकडे ओझं वाहायला चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, आपल्यासारखी लिपी नव्हती. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवायचे. तरी डोंगराळ मुलखातून त्यांनी सुमारे ४०,००० किलोमीटर रस्ते बांधले. “आता सांगा, यांना कुठल्या सालात बसवाल?” मग तुम्ही ग्रीसच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातलं अँटिकिथेराचं यंत्र सांगितलंत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, काशाची तीस दंतचक्रं अजून शिल्लक असलेलं, सूर्य-चंद्राची स्थिती दाखवणारं. त्यानंतर युरोपात दंतचक्रांची घड्याळं दिसायला तेराशे वर्षांहून जास्त काळ गेला. चष्मा इटलीत १२८० च्या दशकाच्या सुमारास आला, आणि भिंगं हाताशी असूनही दुर्बीण यायला १६०८ साल उजाडलं. तंत्रज्ञान म्हणजे एकेक पायरी चढत जायचा जिना, असं मी धरून चाललो होतो. तुमच्याशी बोलताना माझ्या डोळ्यांसमोर विणकाम आलं : एक धागा पुढे गेलेला, दुसरा मागे राहिलेला, आणि प्रत्येक धागा कुणाच्या तरी गरजेने ओढलेला.

पुढे तुम्ही विचारलंत, “तुमची जादू कुणाची गरज भागवते आणि कुणाला उपाशी ठेवते?” हा प्रश्न मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला. अजून तिथेच आहे. जादूच्या जगाची यंत्रविद्या कुठवर आली असेल याचा अंदाज बांधायला मला याहून चांगलं साधन आजवर मिळालेलं नाही. निरोप मंत्राने जात असतील तर राजाला टपालाचे घोडे पोसायची गरज नाही, पण मंत्र परवडत नसलेला व्यापारी ते पोसेलच. जखमा मंत्राने भरत असतील तर राजवैद्य टाके घालायचं विसरेल, आणि गावातली सुईण मात्र त्यात तरबेज असेल.

आता त्या खिडकीविषयी. माझ्या मूळ मजकुरात गडावर भिंतभर सरळ काच होती आणि ईरा तिच्यातून लांबून येणारा घोडेस्वार पाहते, भावाला ओळखते, धावत खाली जाते. तुमची खूण होती, ‘एवढी मोठी आणि सपाट काच कोणी केली?’ आणि मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही काचेची जुनी रीत काढून दाखवली होती. नळीवर काच फुगवायची, तोंड उघडायचं आणि पुन्हा तापवून इतकी गरगर फिरवायची की फुग्याची थाळी होते. मधोमध भिंगासारखी जाड गाठ राहते. त्या थाळीचे तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. काचेत लाटा असतात, बुडबुडे असतात. चित्राखाली एकच वाक्य : ‘या काचेतून घोडेस्वार वितळल्यासारखा दिसेल.’

आता ईरा खिडकीशी उभी राहते आणि तिला एक काळी आकृती दिसते. ती कधी लांब होते, कधी मधूनच तुटते, बुडबुड्यापाशी घोड्याचं डोकं नाहीसं होतं. ती भावाला ओळखत नाही. दार उघडू नका असा हुकूम देते. पुढे जे होतं ते वाचकांनी पुस्तकातच वाचावं. ते पान लिहिताना माझा हात थरथरत होता एवढं तुम्हाला सांगतो.

एका ठिकाणी मी तुमचा खोडरबर वापरला. गडावरच्या भट्टीत लोखंड पाण्यासारखं वितळतं, तिथे तुम्ही लिहिलं होतं, ‘१५३८ अंश सेल्सिअस. साध्या भात्याने नाही व्हायचं.’ साध्या भट्टीत लोखंड वितळत नाही, मळीने भरलेला सच्छिद्र गोळा निघतो, तो तापवून ठोकावा लागतो. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, सात मीटरहून उंच लोहस्तंभसुद्धा अशाच गोळ्यांना ठोकून जोडत घडवलेला आहे, हेही तुम्ही समजावलं होतं. पण माझ्या भट्टीपाशी अग्निमांत्रिक बसलेला होता, तिथली आग भात्याची नव्हती. मी खूण पुसली. पुसताना हात जड झाला होता. तुम्हाला फोन करून तसं सांगितलं, तेव्हा तुम्ही क्षणभर थांबलात आणि आनंदाने म्हणालात, “मग तुमच्या राज्यात खिळे स्वस्त झाले पाहिजेत!”

खिळे! चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापर्यंत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, करायला लागले होते, युरोपात ते काम मध्ययुगाच्या उत्तरार्धात सुरू झालं, आणि ज्याच्याकडे ओतकाम येतं त्याच्या शेतातला नांगराचा फाळ बदलतो, स्वयंपाकघर बदलतं, हे तुम्ही मला एका दमात सांगितलंत. मी तुमचा शब्द खोडला होता. तुम्ही माझ्या शब्दाला पुढे नेलंत.

ज्ञान पुष्कळांकडे असतं. त्या कार्यशाळेतल्या मार्गदर्शकांकडेही असेल. पण समोरचा कमी जाणतो हे दिसत असताना त्याला लहान होऊ न देणं, ही माणुसकी मला तुमच्याइतकी कुणात दिसली नाही. तुम्ही कधी ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणाला नाहीत. ईराला पाच मिनिटांत पोचायचं होतं, तिथे तुम्ही विचारलंत, ‘मिनिटं कोण मोजतं?’ मिनिटकाटा नेहमीचा झाला तो १६५६ च्या लंबकाच्या घड्याळानंतर, एवढं सांगून थांबलात. “मशाल विझायच्या आत पोचू,” हे वाक्य मला सुचू दिलंत. तुम्हाला ते आधीच सुचलं असणार, याची मला खात्री आहे.

दुसरा भाग सुरू केला आहे. ईरा जहाजावर चढली आहे. जहाजाला स्वस्तातले भरपूर खिळे ठोकले आहेत, पण ते बिडाचे असतील तर लाटांच्या तडाख्याने तुटतील का, ही शंका परवापासून डोक्यात घोळते आहे. आणि ढगाळ रात्री तिला दिशा कशी कळते तेही ठरायचं आहे. पहिली साठ पानं पुढच्या आठवड्यात पाठवतो. पेन्सिल तुमच्याकडे आहेच. खोडरबर माझ्याकडेच राहू द्या.

आपला कृतज्ञ,
ईराचा लेखक