हलव्याच्या दागिन्यांना ग्लू गन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या संक्रांतीच्या अंकातलं मुलांचं पान वाचलं. मुलांसाठी अख्खं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्या पानावरून मुलांना संक्रांत कळणार नाही, चुकीची मात्र कळेल, आणि एका चौकटीमुळे तर कुणाच्या तरी घरात लहान बाळाला इजा होऊ शकते. मजकूर छापण्याआधी हा सण दरवर्षी घरात करणाऱ्या एखाद्या बाईला तरी दाखवायला हवा होता.

आधी त्या चौकटीबद्दल. अर्ध्या तासात हलव्याचे दागिने करायची कृती तुम्ही दिली आहे: विकतचा हलवा आणा, पुठ्ठा कापा आणि ग्लू गनने दाणे चिकटवा. हे दागिने कोणासाठी असतात? नव्या सुनेसाठी, जावयासाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी. बाळाच्या गळ्यात हार घातला की पहिल्या पाच मिनिटांत ते तो तोंडात घालतं. त्यावर तुम्ही प्लास्टिकचा गोंद लावायला सांगता! हलव्याचा दागिना दोऱ्यात गाठवून करतात. पांढरा दोरा दुहेरी घ्यायचा, सारख्या आकाराचे दाणे निवडायचे, दाणा दोऱ्याच्या फासात धरायचा आणि गाठ आवळायची. सुई वापरायची नाही, दाणा फुटतो. हातचा हलवा काटेरी असल्यामुळे दोरा काट्यांत अडकून बसतो, यंत्रावरचा गुळगुळीत हलवा मात्र फासातून निसटतो. मुकुट किंवा बाजूबंद करायचा असेल तरच मागे पुठ्ठा लागतो. त्यावर कापड ताणून शिवायचं आणि गाठवलेल्या सरी वरून टाक्यांनी पक्क्या करायच्या. गोंदाचा थेंबही लागत नाही.

हलवा घरी करणं ‘आजच्या काळात शक्य नाही’ असंही त्याच चौकटीत म्हटलं आहे. शक्य आहे. साहित्य तीन वस्तूंचं आहे, लागतात ते चार दिवस आणि थोडा धीर. पाव वाटी पांढरे तीळ निवडून मंद आचेवर कोरडे भाजायचे. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळी आणायची, चमचाभर दूध सोडायचं, वर मळी येते ती काढायची आणि पाक फडक्यातून गाळून घ्यायचा. पाक एकतारी हवा. कच्चा राहिला तर तिळावर नुसती चकाकी येते, काटा येत नाही. दोनतारी झाला तर तो दाण्यावर बसायच्या आत साखर होतो. जाड बुडाच्या परातीखाली तवा ठेवायचा आणि गॅस सगळ्यांत बारीक. तीळ हाताला कोमट लागले पाहिजेत, त्याहून जास्त नाही. मग अर्धा चमचा पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ सतत फिरवत राहायचे. ते कोरडे होऊन परातीत खुळखुळायला लागले की पुढचा अर्धा चमचा. बोटांना साखर चिकटत जाते, ती ओल्या फडक्याला पुसायची, नाहीतर दाणे बोटांवरच गोळा होतात. पाक भांड्यात घट्ट झाला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा कोमट करायचा.

पहिले दोन दिवस दाणा फक्त पांढरा आणि जाड होतो. बरेच जण इथेच कंटाळतात आणि चमचा चमचा पाक ओतायला लागतात, मग सगळ्याचा एक गोळा होतो. आच वाढवली की साखर पिठूळ होऊन तळाशी भुगा साठतो, तो चाळणीने काढून पुन्हा पाकात घालता येतो. काटा दिसायला लागतो तो साधारण तिसऱ्या दिवशी. तोही पाकाचा पातळ थर लगेच वाळला तरच, आणि तो लगेच वाळण्यासाठी हवा थंड आणि कोरडी लागते. म्हणून हलवा पहाटे किंवा रात्री उशिरा करायला बसतात. आभाळ आलेल्या दिवशी कितीही हात फिरवला तरी दाणा गुळगुळीत राहतो. रंग किंवा केशर घालायचं ते शेवटच्या एक-दोन चमच्यांत.

एवढं सविस्तर लिहिलं, कारण माझ्या मते मुलांचा सणाच्या अर्थाशी संबंध तुटतो तो इथेच. तुमच्या पानावर काळ्या कपड्यांमागचं विज्ञान, तिळामागचं विज्ञान, गुळामागचं विज्ञान अशा एकेका ओळीच्या पाट्या आहेत. मुलं त्या वाचतात, शाळेत म्हणून दाखवतात आणि विसरतात. परातीशी बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला मात्र न सांगता कळतं की हा पदार्थ जानेवारीचाच आहे, श्रावणात होणार नाही. तीळ नुसते कोमट असतात, त्यामुळे हे काम मुलांच्या हातांना सोसतंही. तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं, हे वाचण्यापेक्षा भाजलेले चार तीळ कागदात दाबून उमटलेला डाग पाहिला तर मूल ते विसरणार नाही.

आता तुमच्या मुख्य मजकुराबद्दल. ‘आजपासून उत्तरायण सुरू होतं आणि दिवस मोठा व्हायला लागतो’ असं मोठ्या अक्षरांत छापलं आहे. हे चूक आहे. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला होऊन गेला. सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो तेव्हापासून. संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने, सूर्य मकर राशीत शिरतो म्हणून मानतात, आणि त्या हिशोबाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. म्हणून संक्रांत हळूहळू पुढे सरकते, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ तारखेला येते. याच पुण्यात टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत, त्या पंचांगात राशींची सुरुवात थोडी वेगळी धरतात म्हणून, ती १० जानेवारीच्या सुमारास होऊनही जाते. हे सगळं मुलांना समजतं, त्यांना सांगायला मात्र हवं.

शिवाय पुण्यातलं चौकस मूल तुमचं वाक्य घड्याळ पाहून खोडून काढेल. पुण्यात सूर्य सगळ्यांत उशिरा उगवतो तो नेमका याच आठवड्यात, सातच्या पुढे आठ-नऊ मिनिटांनी. सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलाला संक्रांतीला अंधार कमी झालेला दिसत नाही, उलट डिसेंबरपेक्षा जास्त वाटतो. दिवस वाढलेला असतो तो संध्याकाळच्या बाजूने. हे दाखवायचं असेल तर गच्चीवर एक मीटर उंचीची सरळ काठी उभी करा. ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते बघा, कारण थोडी कलली तरी माप चुकतं. पुण्यात सूर्य माथ्यावर बाराला येत नाही. या दिवसांत तो पाऊण वाजण्याच्या सुमारास येतो, म्हणून साडेबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. २२ डिसेंबरला ती ९० सेंटिमीटर भरते, संक्रांतीला ८३, २१ मार्चला ३३, आणि मेच्या मध्यावर एके दिवशी सावली काठीच्या पायाशीच संपते. उत्तरायण म्हणजे काय, ते असं खडूने फरशीवर काढता येतं.

सुगडांना तुम्ही पेन स्टँड करून टाकलं आहे, वर चमकी लावून. कसब्यातल्या कुंभारवाड्यात पौष लागला की सुगडांचे ढीग लागतात, तिथे मुलांना एकदा न्या. त्यात काय भरतात तेही तुमच्या पानावर नाही: गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजर, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, तीळगूळ. ही यादी देवाधर्माची म्हणून पाठ करायची गरज नाही, त्या आठवड्यात देशावरच्या शेतात काय चाललं आहे त्याचा तो हिशोब आहे. नोव्हेंबरात पेरलेला गहू आता ओंबीवर आलेला असतो, हरभरा घाट्यांत भरलेला, ऊस तोडणीला आलेला. तीळ आणि शेंगा खरिपातल्या, वाळून घरात आलेल्या, गूळ नव्या उसाचा. मंडईत आता सगळं एकत्र बांधलेलं तयार पाकीट मिळतं, त्यात प्लास्टिकच्या ओंब्याही दिसायला लागल्या आहेत. घ्यायचंच असेल तर हरभऱ्याची जुडी तरी वेगळी घ्या आणि घाटे मुलांना सोलायला द्या. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, ती बोटांना लागते आणि बोटं चाटली की आंबट लागतात. पुस्तकात न सापडणारी एवढी एक गोष्ट तरी त्यांना मिळेल.

तीळगुळाच्या कृतीबद्दल थोडक्यात. गूळ मायक्रोवेव्हमध्ये मोजून दोन मिनिटं ठेवायला सांगितला आहे. गुळाचा पाक मिनिटांवर ठरत नाही. एक वाटी तिळाला पाऊण वाटी चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी दाण्याचं भरड कूट आणि चमचाभर तूप घ्यायचं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. थेंब पाण्यात पसरला तर लाडू बसतात, कडक होऊन टणकन वाजला तर तो पाक वडीचा किंवा चिक्कीचा झाला, त्याचे लाडू दगड होतात. हा पाक भाजतो, तो मोठ्यांनीच हाताळावा.

बोरन्हाणात बोरांऐवजी चॉकलेटच्या गोळ्या आणि मार्शमॅलो सुचवले आहेत. वर्षाच्या बाळाच्या डोक्यावरून ओतायला बारीक, गुळगुळीत गोळ्या अजिबात नकोत, घशात अडकतात. मोठी बोरं, सालासकट शेंगा, उसाचे लांब करवे आणि चुरमुरे घ्या, आणि सगळं लहान वाटीने हळू सोडा. खाली पडलेलं वेचायला आजूबाजूची पोरं आधीच बोलावून ठेवायची असतात. बाळाच्या हाती काही लागायच्या आत ती सगळं वेचून नेतात.

आणि पानाच्या कोपऱ्यात ते पतंगाचं चित्र. चित्रातल्या मुलाच्या हातात जी झगझगीत रंगाची फिरकी आहे ती नायलॉन मांजाची आहे, हे कोणीही ओळखेल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. दुचाकीवरच्या माणसांचे गळे त्याने कापले जातात, त्या बातम्या तुम्हीच पहिल्या पानावर छापता. मग मुलांच्या पानावर तीच फिरकी कशी काय आली? निदान चित्र निवडणाऱ्याने बातम्यांचं पान वाचावं.

हळदीकुंकू आणि बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत चालतात, थंडीही अजून आहे. त्याआधीच्या एखाद्या अंकात ग्लू गनची आणि गोळ्यांची दुरुस्ती ठळक छापावी, ही विनंती. हे पत्र लांबलं आहे, याची जाणीव आहे. जागेअभावी कापावं लागलं तर पंचांगाचा भाग कापा. पाकाचं प्रमाण आणि बोरन्हाणाच्या सूचना मात्र आहेत तशाच राहू द्या.

आपली,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे