आई-बाबांना पत्र: सुट्टीतले पहिले तीन आठवडे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर बाबा शेवटचं पान आधी वाचतील. मिशनरी सेवेची पुढची मुदत मी स्वीकारली आहे. सही करून कागद पाठवलेसुद्धा. मधल्या सुट्टीत घरी येणार आहेच, फक्त पहिले तीन आठवडे रिट्रीट सेंटरमध्ये मौनात राहीन आणि तिथून घरी येईन. आल्यावरही महिनाभर कुठल्याच मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष द्यायला, म्हणजे सेवेतले अनुभव सांगायला, उभी राहणार नाही. आई, महिला मंडळाला तू शब्द देऊन बसली असशील. तो आत्ताच मागे घे. खापर माझ्यावर फोड, चालेल.

रागावू नका. तुमच्यापेक्षा दुसरं काही जवळचं वाटतं म्हणून हे नाही. सेवेतून उठून थेट सभांना उभं राहिलं की काय होतं, ते आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्यांमध्ये तुम्ही पाहिलंय. तोच अनुभव दहा ठिकाणी सांगायचा, दर वेळी जरा जास्त घासूनपुसून. लोक भरभरून कौतुक करतात आणि माणूस आला तेवढाच कोरडा परत जातो. कौतुकाची अडचण ही की त्यात पाप कबूल करायला जागा उरत नाही. ज्याला सगळे पवित्र समजतात, तो कोणापाशी बोलणार? म्हणून आधी मौन, मग घर आणि सभा सगळ्यात शेवटी. घरी आले की मात्र मी फक्त तुमची. दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपणार, माझं वय काढायचं नाही.

आता बाबांचा प्रश्न. देवाच्या कामात असूनही राग, कंटाळा, मोह यांच्याशी इतकं झगडावं लागत असेल तर पाचारणच, म्हणजे देवाने या कामाला बोलावलंय का तेच, तपासून पाहा, असं तुम्ही लिहिलंत. बाबा, पाचारण मिळालं म्हणजे पवित्रता आपोआप येते असं कुठे आहे? मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली १७३५ साली मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघाले आणि परतताना त्यांनी रोजनिशीत लिहिलं की मी दुसऱ्यांचं परिवर्तन करायला गेलो होतो, माझं कोण करणार? हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन सुरू केलं आणि चार वर्षांनी बहिणीला लिहिलेल्या पत्रात सांगितलं की पवित्र होण्यासाठी प्रार्थना, उपास, निश्चय, जास्त वाचन असं सगळं करून पाहिलं, पण काही उपयोग झाला नाही. मग एका सहकाऱ्याच्या पत्रातून त्यांना उमगलं की विश्वास वाढवायला धडपडायचं नसतं, जो विश्वासू आहे त्याच्याकडे पाहायचं असतं. ही गोष्ट सभांमध्ये अशी सांगतात की जणू त्या दिवसापासून टेलरांची झुंजच संपली. तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी आणि दोन मुलं गेली. १९०० मध्ये चीनमध्ये परदेश्यांविरुद्ध झालेल्या बॉक्सर बंडात त्यांच्या मिशनची ५८ माणसं आणि २१ मुलं मारली गेली, तेव्हा आजारी टेलरांना प्रार्थनासुद्धा करवत नव्हती. उरला होता तो भरवसा. मला तेवढंच पुरेसं वाटतं. झुंज आहे म्हणजे पाचारण खोटं असं म्हटलं, तर या दोघांनाही घरी पाठवावं लागेल.

आणि परत यावंसं वाटणं, त्याचीही तऱ्हा जुनी आहे. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने तिचं अगदी बारकाईने वर्णन केलंय. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास ही ओढ येते. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो. मग जागा आवडेनाशी होते, काम आवडेनासं होतं, इथल्या भावांमध्ये प्रेमच उरलेलं नाही असं वाटू लागतं. त्यानंतर घरची माणसं आठवतात आणि शेवटी विचार येतो की देवाची भक्ती काय, कुठेही करता येते. गंमत म्हणजे यातलं एकही वाक्य उघड पाप नाही. ‘आई-बाबा म्हातारे झालेत’ हे तर सरळ प्रेमाचं वाक्य आहे. म्हणूनच ते ओळखायला कठीण. त्याने सांगितलेला उपाय साधा आहे: त्या तासात जागा सोडायची नाही, निर्णय घ्यायचा नाही, हाताने करायचं काम घ्यायचं आणि जे ठरलंय ते थोडं थोडं पुरं करायचं. तोच घरी यायचा विचार सकाळी ताज्या डोक्याने प्रार्थनेतही टिकला, महिनाभर टिकला, तर तो गंभीरपणे घ्यायचा. हे तुम्हाला टाळण्यासाठी सांगत नाहीये. तुमच्यापैकी कोणाला खरोखर माझी गरज लागली तर मुदतबिदत बघणार नाही, निघून येईन. ती तरतूद कागदावर लिहून घेतली आहे, बाबांना हवी तर नक्कल पाठवते.

आई, मौन म्हटल्यावर तुझ्या मनात काय आलं असेल तेही कळतंय. ब्रह्मदेशात गेलेले अमेरिकन मिशनरी जडसन यांचं उदाहरण तूच देशील. १८२६ मध्ये त्यांची पत्नी अ‍ॅन गेली आणि काही महिन्यांत छोटी मुलगीही. पुढे ते जंगलात झोपडी बांधून एकटे राहिले, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठाशी बसले, देवावर विश्वास आहे पण तो सापडत नाही असं त्यांनी लिहिलं. पवित्रतेच्या नावाखाली स्वतःला शिक्षा करत बसलं की असं होतं. ते त्यातून सावरले. हळूहळू माणसांत आणि भाषांतराच्या कामात परतले आणि १८३४ मध्ये बर्मी भाषेतलं बायबल पुरं केलं. माझे तीन आठवडे त्या जातीचे नाहीत. रोज अर्धा तास एका अनुभवी ताईंशी बोलायचं असतं, तिन्ही वेळचं जेवण सगळ्यांबरोबर होतं, आणि संपायची तारीख आधीच ठरलेली आहे. मार्गदर्शक नसलेलं आणि शेवट न ठरवलेलं मौन मीही घेणार नाही.

इथला रोजचा बेत काय, तेही सांगते म्हणजे तुमची काळजी निम्मी होईल. पहिली गोष्ट झोप. हसू नका. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न डोंगरावर पोहोचल्यानंतरचा. म्हणून चिडचिड झाली की मी आधी झोप, जेवण आणि अंगातला ताप बघते आणि मग आत्म्याचं तपासते. क्रम उलटा केला की थकव्याला पाप समजून माणूस रडत बसतं आणि खरं पाप थकव्याच्या नावावर खपून जातं.

सकाळच्या वाचनाचं बायबल वेगळं आणि संदेशाच्या तयारीचं वेगळं. सकाळच्या प्रतीजवळ पेन ठेवायचं नाही. पेन हातात आलं की ‘हे कोणाला सांगता येईल’ असं मन शोधू लागतं आणि वचन आपल्याला सोडून पुढे जातं. बाबा, तुमची ती स्कॉटिश पाळक मॅकशेन यांची १८४२ ची बायबल वाचनपद्धत, रोज चार अध्याय, मी सध्या बाजूला ठेवली आहे. चांगलीच आहे ती, पण दोन दिवस चुकले की बारा अध्याय अंगावर येतात आणि वाचन म्हणजे थकबाकी फेडणं होतं. रोज एक अध्याय, सावकाश. चुकला तर चुकला, पुढच्या दिवशी त्या दिवसाचाच.

सगळ्यात महत्त्वाचा आठवड्यातला तो पाऊण तास. एक सहकारी आणि मी, दोघीच. ती माझी वरिष्ठ नाही, माझा अहवाल लिहीत नाही, माझा पगार तिच्या हातात नाही. हे मुद्दाम पाहिलंय, कारण जिच्या हातात आपली नेमणूक आहे तिच्यापुढे कोणीही सभ्य पापंच कबूल करतं: प्रार्थना कमी झाली, धीर कमी पडला वगैरे. प्रश्न वेस्लींनी १७३८ साली छोट्या गटांसाठी घालून दिलेले. मागच्या भेटीपासून कोणतं पाप जाणूनबुजून केलंस? कोणता मोह आला? त्यातून कशी सुटलीस? असं काय बोललीस, केलंस किंवा मनात आणलंस की ते पाप आहे की नाही याची तुला शंका आहे? आणि काही लपवून ठेवावंसं वाटतंय का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर खोलीत जी शांतता पसरते, तिथेच खरं काम सुरू होतं.

हे बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. गप्पा आधी सुरू झाल्या की वेळ कामाच्या बातम्यांत जातो, म्हणून बसताक्षणी प्रश्न. ‘मी फार अशक्त आहे’ ही कबुली नव्हे. हेवा वाटला तर हेवा म्हणायचं, कोणत्या दिवशी, कशावरून, ते सांगायचं. मात्र सांगताना तिसऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, नाहीतर कबुलीची चहाडी व्हायला वेळ लागत नाही. ऐकणारीने लगेच सल्ला द्यायचा नाही. आधी क्षमेचं वचन मोठ्याने वाचायचं, बहुतेक वेळा योहानाचं पहिलं पत्र, पहिला अध्याय, नववं वचन. आणि कोणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल ती गोष्ट मात्र गुप्त राहत नाही, वर कळवायचीच, हे दोघींनी आधीच एकमेकींना सांगून ठेवायचं.

भांडणांचं म्हणाल तर सेवेत मोठ्या मोहांपेक्षा तीच जास्त छळतात. एकच स्वयंपाकघर, एकच गाडी आणि मतं मात्र चार. बायबलमधल्या पौल आणि बर्णबा या प्रेषितांचंही मार्क नावाच्या सोबत्यावरून इतकं बिनसलं की दोघे वेगळे झाले, आणि अखेरच्या दिवसांत पौलाने त्याच मार्काला बोलावून घेतलं. इथे नियम एवढाच की रागात मेसेज लिहायचा नाही, समोर जायचं, एकटीने जायचं, एकच प्रसंग बोलायचा आणि ‘तू नेहमीच’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पैसे मोजायला दोघी आणि नोंद त्याच दिवशी. प्रार्थनापत्रात ‘बरेच जण आले’ लिहायचं नाही. किती आले आणि महिन्याने किती टिकले, तेच लिहायचं. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोला पैसा आणि परस्त्रीपासूनची सावधगिरी यांच्याबरोबरच आकडे न फुगवण्याचंही ठरवलं होतं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं, कारण फुगवलेला आकडा पुढच्या पत्रात सांभाळावा लागतो. तेव्हा बाबा, माझं पत्र मंडळीत वाचताना तुमच्याकडचं काही घालू नका. तुमचा अभिमान मला कळतो, पण ‘माझी मुलगी पवित्र जीवन जगते’ हे वाक्य नकोच. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा’ एवढं म्हणा.

फोन रात्री नऊला स्वयंपाकघरातल्या कपाटात जातो, उठायला गजराचं घड्याळ आहे. एकटेपणा आणि फोन रात्री एका खोलीत नकोत, एवढंच कारण. आई, दचकू नकोस. तुमच्यासाठी शेजारच्या खोलीतल्या बाईंचा नंबर दिला आहे, मध्यरात्रीही चालेल.

बाकी सगळं ठीक आहे. पलंग चांगला आहे, मच्छरदाणी फाटलेली नाही, पाणी उकळून गाळूनच पिते, दवाखाना पायी जाण्याइतका जवळ आहे. तू दिलेली शाल रोज लागते.

आता माझं ऐका. आई, गुडघे टेकून प्रार्थना बंद. डॉक्टरांनी सांगूनही तू करतेस हे मला कळलंय, कोणी सांगितलं ते विचारू नकोस. खुर्चीत बस, पाय स्टुलावर ठेव, देवाला तिथूनही ऐकू येतं. बाबा, माझ्यासाठी धरलेला शुक्रवारचा उपास आजपासून थांबवा. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की साखर खूप खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. आपल्या मनाने गोळी चुकवून उपास करणं हेही बरोबर नाही. साखर अशी कधी खाली गेलीच तर आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात, प्रार्थना नंतर. आणि तुमच्या काळजीने माझंच लक्ष कामातून उडतं. धरायचाच असेल तर बातम्यांच्या चॅनेलचा उपास धरा, शुक्रवारी पूर्ण दिवस. तो जास्त जड जाईल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची एकही वेळ चुकवायची नाही.

हे सगळं पाळलं जातंय की नाही ते आईनेच कळवावं. बाबा सोयीस्कर कळवतात.

तुमची,
छकुली