बेडकाचा धबधबा बांधून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

पैसे काढले तर "चहा पाजा, झालं" म्हणून तुम्ही सायकलला टांग मारलीत. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. नाव लिहू नका म्हणालात, ते पाळतो.

पहिल्या दिवशी माझ्या बेडकाच्या काचेच्या पेटीत डोकावून तुम्ही म्हणाला होतात, "काहून जी सर, पावसासाठी धोंडी मागतेवेळी गावानं बेडकाले काठीले बांधून फिरवलं, अन् तुमी त्याले धबधबा बांधून राहिले?" हा आपल्या नाल्यातला नाही, ऑस्ट्रेलियातल्या जातीचा झाडबेडूक आहे, असं सांगितलं तरी तुमचं हसू थांबेना.

माझे आधीचे पराक्रमही हसण्यासारखेच होते म्हणा. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल रबर सोल्युशननं चिकटवायला गेलो, तर तो विरघळून खड्डे पडले. कूलरची मोटर लावली, तर फवारा भिंतीवर आणि बेडूक झाकणाला चिकटलेला. दगड म्हणून जे कोरलं होतं ती बटाट्यांची रास होती. तुम्ही काही न बोलता मला मागच्या विहिरीवर नेलंत, आत वाकून बघायला लावलंत. काळा पत्थर आडवा, थरावर थर, मध्ये उभ्या भेगा, वर मुरूम. मग भाजीच्या सुरीनं थर्माकोल तसाच कापलात, त्यावर सिमेंटचा पातळ हात दिलात, तो वाळल्यावर वाळू घालून दाट हात.

पाणी सोडलं तर ते कडेवरून पडेचना. दगडाच्या पोटाला चिकटून मागं काचेकडे जायचं. छज्ज्याच्या खालून पाडतात तशी एक खाच तुम्ही खिळ्यानं ओढलीत. पाणी तिथंच तुटलं आणि सरळ खाली पडलं. मी बीएस्सी झालेला माणूस, बघतच राहिलो.

पण आभार खरे त्या संध्याकाळचे. मला घाई होती, बेडूक त्याच रात्री सोडायचा होता. तुम्ही दोन्ही हात माझ्यापुढं धरलेत. बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली, नखांच्या कडा खाल्लेल्या. "हे सिमेंट आमचे हात खाते. त्या बेडकाचे काय हाल करंन?" बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ओल्या सिमेंटच्या पाण्याचा पीएच 12च्या वर जातो, म्हणजे ते कातडी भाजेल इतकं अल्कधर्मी असतं, हेही. पण दोन्ही एकत्र आणून बघितलं ते तुमच्या हातांमुळे. "स्लॅबले एकवीस दिवस पाणी मारतो, मंग याले काहून नाही?" म्हणालात. एकवीस दिवस तो डोंगर ड्रममध्ये बुडवून ठेवला, दर दोन दिवसांनी पाणी बदललं. पीएचची पट्टी आधी जांभळट निळी यायची, शेवटी हिरवी, म्हणजे सौम्य पाण्याची, आली. मगच बेडूक सोडला.

आता छोटी मोटर आहे, जाळीमागं. डबकं दोनच इंच खोल, कारण हा गडी पोहण्यात कच्चा. लाइट गेली की धबधबा बंद, त्याला इलाज नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेली पोरं बोजाऱ्याचे पैसे घ्यायचं विसरून पेटीपुढंच बसली. तुमचा नातू सगळ्यांना सांगत होता, "हे माह्या आबानं बांधलं."

तुमची लहान थापी माझ्याकडंच राहिली आहे. न्यायला याल तेव्हा रात्री या. दिवसा तो झोपलेला असतो. चहाचं आधण ठेवतो.

तुमचा,
गावातला मास्तर