मामा, तुमच्या त्या दोन बोटांच्या गोष्टीसाठी

मामा, नमस्कार.

कारखान्यातल्या तुमच्या निरोपसमारंभात सगळे बोलले. मी मात्र मागे उभी राहिले, घसा भरून आला होता. ते राहिलेलं बोलणं आज चारचौघांत लिहून काढते आहे. तुम्ही मला जे दिलंत, ते आणखी कोणाच्या तरी कामी येईल म्हणून.

सेफ्टी ऑफिसर म्हणून मी रुजू झाले तेव्हा शिफ्ट सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं माझी असायची. छापून आणलेले नियम मी एकापाठोपाठ एक वाचायचे. माणसं समोर उभी असायची, पण ऐकत कोणी नसायचं. भोंगा झाला की पांगायची. यांना स्वतःच्या जिवाची पर्वा नाही, असंच मला वाटायचं. त्यांच्यावर मी केलेला तो मोठा अन्याय होता.

एका सकाळी मी वाचलं, ड्रिल मशिनवर ग्लोव्हज घालायचे नाहीत. एका नव्या मुलाने विचारलं, "मॅडम, ग्लोव्हज तर हात वाचवायलाच असतात ना?" मी म्हटलं, नियम आहे. तेव्हा तुम्ही मागून पुढे आलात आणि उजवा हात वर धरलात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्धी.

"एकवीस वर्षांचा होतो. धातूच्या चिप्स लागू नयेत म्हणून ग्लोव्हज घातले होते. ड्रिल फिरत होतं, त्याला एक लांब चिप गुंडाळली होती, ती झटकायला हात नेला. ग्लोव्हजचा एक धागा सुटलेला होता, एवढासा. तो ड्रिलने धरला. उघडा हात असता तर कातडी सोलून सुटलाही असता. कापडाने सोडलं नाही." मग जरा थांबून म्हणालात, "मशिनचा आवाज बदलला होता. जड झाला होता. तो अजून ऐकू येतो."

जेमतेम दोन मिनिटं लागली असतील. त्या मुलाने तिथल्या तिथे ग्लोव्हज काढून खिशात कोंबले. दुपारी तुम्ही मला एवढंच म्हणालात, "मॅडम, नियमाच्या आधी कोणाचं तरी काहीतरी झालेलं असतं. ते सांगत जा."

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ साली तिथे त्सुनामीने फार माणसं गेली. वाचलेल्यांनी ती हकीकत 'स्मोंग' या नावाने पोरांना, नातवंडांना सांगितली : जमीन जोरात हलली, समुद्र मागे सरला, की डोंगराकडे पळायचं. २६ डिसेंबर २००४ ला जमीन हलली तेव्हा लोक पळाले. सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर लाटेने सात माणसं गेली. भूकंपाचं केंद्र तिथून अगदी जवळ होतं, मामा! जवळजवळ शंभर वर्षं एक गोष्ट तोंडोतोंडी जिवंत राहिली आणि वेळेला धावून आली. हे वाचताना मला सारखा तुमचा तो वर केलेला हात दिसत होता.

१९६९ साली बावर आणि क्लार्क या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या लोकांना पाठ करायला दिल्या. ज्यांनी प्रत्येक यादीची गोष्ट रचली, त्यांना नंतर सुमारे ९३ टक्के शब्द आठवले. नुसती घोकंपट्टी करणाऱ्यांना १३ टक्के. माझे नियम कुठे जात होते, ते तेव्हा कळलं.

पण सांगण्याहूनही मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत, ती समोरच्याकडून हकीकत काढून घेण्याची. फोर्कलिफ्ट मागे घेताना एक माणूस थोडक्यात वाचला, आठवतं? चालवणाऱ्याने फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'निष्काळजीपणा'. मी सही करून मोकळी होणार होते. तुम्ही त्याच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "सकाळपासून सांग." तो सांगत गेला, तुम्ही फक्त "मग?" म्हणत राहिलात. सांगता सांगता तोच थबकला. वळणावरचा आरसा आज दिसलाच नव्हता, सोमवारपासून पुढे पॅलेट रचलेले होते! कारण विचारलं की माणूस आधी अंग चोरतो. काय झालं ते विचारलं की तो परत त्या जागेवर जाऊन उभा राहतो.

आणि एकदा तुम्ही एक गोष्ट अडवलीतही. अपघातानंतर ठेक्यावरच्या पोराची चूक असल्याची कहाणी दोन दिवसांत कारखानाभर झाली, रंगवून रंगवून. सांगणाऱ्याला तुम्ही शांतपणे विचारलंत, "तू तिथे होतास का?" चांगली रंगवलेली गोष्ट खोटी असली तरी तितकीच धावते, ही भीती तेव्हापासून मी बाळगून आहे.

हे घरीही आलं. वडिलांना डॉक्टरांकडे नेलं की पूर्वी मी "पोटात दुखतं यांच्या" म्हणायचे. आता पहिल्या दिवसापासून क्रमाने सांगते : कधी सुरू झालं, त्याआधी काय झालं होतं, रात्री उठले का. गेल्या वेळी डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकलं आणि आधी न केलेली तपासणी लिहून दिली.

मागच्या आठवड्यात ड्रिलजवळून जात होते. तेव्हा ग्लोव्हज खिशात कोंबणारा तो मुलगा आता तिथला ऑपरेटर आहे. एका नव्या पोराला तो तुमची गोष्ट सांगत होता. त्याच्या सांगण्यात तुम्ही एकोणीस वर्षांचे होतात आणि ग्लोव्हज चामड्याचे होते. मी मध्ये बोलले नाही. "आवाज जड झाला होता मशिनचा," तो म्हणाला, आणि नवं पोर हळूहळू ग्लोव्हज काढायला लागलं.

तुमची,
सेफ्टीवाली मॅडम