ठराव आपणही करू शकतो

महोदय,

परराष्ट्र धोरण हा दिल्लीचा विषय, आमदार-नगरसेवकांनी परदेशातल्या अत्याचारांवर बोलायचे कारण नाही, असे सर्रास ऐकू येते. मला ते पटत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने म्यानमारच्या लष्करी राजवटीविरुद्ध कायदा केला. तो नुसता निषेध नव्हता. त्या देशात धंदा करणाऱ्या कंपन्यांची यादी झाली आणि सरकारी खरेदीत त्यांची निविदा १० टक्क्यांनी महाग धरली जाऊ लागली. ॲपलने त्याच वर्षी म्यानमारमधून काढता पाय घेतला. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला हे खरे, पण कारण एवढेच की तो केंद्राच्या निर्बंधांच्या कायद्याला आड येत होता. बोलायला न्यायालयाने मनाई केली नव्हती.

ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा आमच्या रत्नागिरीत नजरकैदेत १९१६ मध्ये वारला. त्याचा राजवाडा रोज पाहणाऱ्या आम्हाला तरी, २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या लोकांचे चाललेले हाल परके वाटू नयेत. रत्नागिरी नगरपरिषदेने त्यांच्या बाजूने निदान एक ठराव करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी