वर्गातला गोंधळ आणि मुलाचे चारशे तास

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळांतील मुले ऐकेनाशी झाली आहेत, शिक्षकांचा धाक उरलेला नाही आणि कायद्याने हात बांधल्यामुळे वर्ग सांभाळणे अशक्य झाले आहे, अशा आशयाची मते अलीकडे वारंवार वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यांमागचा त्रागा खोटा नाही. मी स्वतः तो भोगलेला आहे. सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी ३१ वर्षे पहिली ते चौथीचे वर्ग शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे द्विशिक्षकी शाळांमध्ये गेली. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या बेशिस्तीचे कारण आपण मुलांच्या स्वभावात शोधतो, पण ते बहुतेक वेळा वर्गातल्या रिकाम्या वेळात असते.

प्रथम कायद्याविषयी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली. त्याआधीची बरीच वर्षे माझ्या टेबलावर छडी असे आणि मी ती वापरलेलीही आहे, हे सांगताना मला संकोच वाटतो, पण ते लपवून या विषयावर लिहिणे बरे दिसणार नाही. छडीने वर्ग शांत होतो हे खरे आहे. मात्र ती शांतता मी फळ्याकडे वळेपर्यंतच टिकत असे. मुले धड्याकडे लक्ष देण्याऐवजी छडी टेबलावर आहे, खिडकीत आहे की माझ्या हातात आहे, याकडे लक्ष देत. कायदा आल्यावर छडी गेली, तिच्या जागी काय आणायचे हे मात्र आम्हांला कोणी सांगितले नाही. मग काही ठिकाणी उठाबशा आल्या, अंगठे धरणे आले, 'ढ' म्हणून सगळ्यांसमोर उभे करणे आले. कायद्याच्या भाषेत हेही छळातच मोडते, पण डोळ्यांना वळ दिसत नाहीत म्हणून ते चालून गेले.

आता रिकाम्या वेळाविषयी. याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मिळाले पाहिजे, आणि पट ६० पर्यंत असेल तर शाळेला दोन शिक्षक मिळतात. कागदावर हे प्रमाण उत्तम दिसते, कारण तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणजे शहरातल्या पालकांना हेवा वाटावा अशीच स्थिती. परंतु दोन शिक्षक आणि चार इयत्ता म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत असताना त्याच खोलीत पहिलीची चौदा मुले बसकरांवर बसलेली असतात आणि त्यांना बाईंचा आवाज ऐकू येत असला तरी तो त्यांच्यासाठी नसतो. हिशोब सरळ आहे. ८०० पैकी सुमारे ४०० तास प्रत्येक मूल वर्गात हजर असते, पण शिक्षक त्याच्याशी बोलत नसतो. सोबतचे गुरुजी बैठकीला गेले की चारही इयत्ता एका शिक्षकाकडे येतात आणि त्या दिवशी मुलाच्या वाट्याला पाव वेळच उरतो. या चारशे तासांत सहा वर्षांच्या मुलाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने तयार ठेवले नाही, तर ते मूल स्वतः शोधते. शेजारच्याची पेन्सिल मोडणे हे त्यांपैकी सर्वांत सोपे उत्तर असते.

एका वर्षी, अगदी वैतागून, मी टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठाची तयारी लिहिण्याच्या वहीच्या, मागच्या पानांवर महिनाभर एक नोंद ठेवली. भांडण कोणी केले हे न लिहिता ते किती वाजता आणि कोणत्या कामाच्या वेळी झाले, एवढेच लिहायचे. महिन्याअखेर जे दिसले त्याने मी थोडी ओशाळले. परिपाठानंतर मी हजेरी भरत असताना, मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन आणि ताटे धुऊन मुले परत येत असताना, आणि सर्वांत जास्त वेळा मी वह्या तपासत असताना धक्काबुक्की झाली होती. वह्या तपासताना मी खुर्चीवर बसत असे आणि मुले टेबलाभोवती कोंडाळे करून उभी राहत. ज्याची वही तपासून होई तो रिकामा, ज्याची व्हायची तोही रिकामा, आणि दोघेही एकमेकांच्या कोपराच्या अंतरावर. मग ढकलाढकली, कोणाची तरी पाटी पडणे, रडणे, माझे ओरडणे. यात मुलांचा दोष किती आणि खुर्चीचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्या दिवसापासून मी खुर्ची सोडली आणि वह्या तपासायला मुलांच्या ओळींमधून फिरू लागले, त्यांच्या शेजारी बसकरावर बसू लागले. गुडघे दुखायचे, पण त्या एका बदलाने जेवढी भांडणे मिटली तेवढी माझ्या कोणत्याही उपदेशाने मिटली नव्हती. मधल्या सुट्टीतच मी फळ्यावर एक अर्धवट चित्र किंवा कोडे काढून ठेवू लागले, म्हणजे जो आधी आत येईल त्याला दुसऱ्यांची वाट पाहत बसावे लागू नये. हजेरीचे काम तिसरीतल्या मुलांकडे आळीपाळीने दिले; त्यांनी नावे पुकारायची आणि मी फक्त खूण करायची. 'गप्प बसा' हे दोन शब्द मी जवळजवळ सोडून दिले, कारण त्यांतून काय करायचे नाही एवढेच कळते. 'पाट्या उलट्या ठेवा आणि माझ्याकडे बघा' असे म्हटले की करायला काहीतरी मिळते.

वर्गप्रमुखाकरवी बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून घेण्याची पद्धत आजही अनेक शाळांत आहे, तिच्याविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. मीही ती वर्षानुवर्षे वापरली. एकदा सलग काही दिवस तीच पाच नावे फळ्यावर दिसली म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की आमचे चौथीतले वर्गप्रमुख महाशय दोन चिंचांना एक नाव पुसत होते आणि ज्याने चिंचा देण्याचे नाकारले त्याचे नाव तोंड न उघडताच वर चढत होते. मला हसू आवरले नाही; पण त्या पाच मुलांना त्या फळ्याच्या भरवशावर मी किती बोल लावले होते, हे आठवून ते हसू फार टिकलेही नाही. जे काम शिक्षकाने डोळ्यांनी करायचे ते मुलावर सोपवले की मुलाच्या हाती सत्ता जाते, आणि आठ वर्षांच्या मुलाने सत्ता कशी वापरावी अशी आपली अपेक्षा असते?

दुसरा प्रसंग याहून गंभीर आहे. आमच्या भागात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि दिवाळीनंतर कोप्यांवरची, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांतली, काही मुले शाळेत दाखल होतात. असाच एक मुलगा तिसरीत आला. तो दर अर्ध्या तासाने उठे, न विचारता बाहेर जाई आणि काही वेळाने परत येऊन दाराशी बसे. मी समजावले, रागावले, एकदा तासभर उभेही केले. तो काहीच बोलत नसे. शेवटी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी सांगितले की, आईबाप पहाटेच उसाच्या फडात जात असल्याने त्याची धाकटी बहीण शाळेच्या भिंतीपलीकडे झाडाखाली बसलेली असते आणि तो तिला बघायला जातो. वर्गात येण्याचे तिचे वय नव्हते, पटावर तिचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. मी तिला आत घेऊन त्याच्या शेजारी बसवले आणि त्या दिवसापासून तो मुलगा मार्चअखेर टोळी जाईपर्यंत एकदाही विनापरवानगी उठला नाही. ज्याला मी उद्धटपणा समजत होते ती जबाबदारी होती, आणि ती त्याच्या वयाला न शोभणारी होती.

यात मी नवीन काही शोधले असा माझा दावा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केले तेव्हा वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, बसत नाहीत, ही तक्रार तिथेही होतीच. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे सोडून मुले येऊ शकत नाहीत हे पाहून गुरे चरत असत तिथे शाळा नेली, तीच कुरणशाळा. मूल व्यवस्थेत बसत नसेल तर आधी व्यवस्था तपासून पाहावी, हे या दोघींनी आपल्याच महाराष्ट्रात करून दाखवले. त्यांच्या तसबिरी आमच्या प्रशिक्षण केंद्रांत आहेत, पण हा मुद्दा प्रशिक्षणात क्वचितच येतो.

सगळे प्रश्न वेळ आणि जागा यांच्या मांडणीने सुटतात असे मात्र मी म्हणणार नाही. इतर मुलांना चावणाऱ्या, ओरबाडणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत मी पूर्णपणे अपयशी ठरले. त्याच्या मनात काय चालले आहे ते मला शेवटपर्यंत समजले नाही आणि समजणारे माणूस माझ्या आवाक्यात नव्हते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे शिक्षक कितीतरी शाळांमध्ये फिरत असल्याने आमच्याकडे त्यांची फेरी अधूनमधूनच होई. अशा मुलासाठी एकट्या वर्गशिक्षकाला जबाबदार धरणे अन्यायाचे आहे.

पालकांविषयी फार लिहीत नाही. 'बाई, दोन ठेवून द्या, आमची काही हरकत नाही' असे म्हणणारे आणि आवाज चढवला म्हणून शाळेत धावून येणारे, असे दोन्ही प्रकारचे पालक मी पाहिले. कित्येकदा ती एकाच घरातली दोन माणसे होती.

प्रशिक्षणाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. डी.एड.च्या काळात आम्ही जे सरावपाठ घेतले त्यांत वर्गाच्या मागे मार्गदर्शक बसलेले असत आणि अनोळखी माणसाच्या धाकाने मुले चिडीचूप असत. त्यामुळे शैक्षणिक साधन कसे दाखवायचे हे शिकलो, पण गडबड करणारा वर्ग पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावरच. नंतरच्या सेवांतर्गत प्रशिक्षणांतही मला ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते हा विचार), मूल्यमापनाचे तक्ते आणि माहिती भरण्याच्या प्रणाली शिकवल्या गेल्या. एका खोलीतल्या दोन इयत्तांपैकी ज्या इयत्तेला आपण शिकवत नाही तिला कामात कसे ठेवायचे, यावर सलग एक तास बोलणारा तज्ज्ञ मला भेटला नाही. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकाला, पहिले दोन आठवडे स्वतंत्र वर्ग न देता जवळच्या एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात नुसते बसू द्यावे, आणि केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत एक तास तरी परिपत्रके बाजूला ठेवून आपापल्या वर्गातल्या अडचणींवर बोलायला राखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

शेवटी एक मागणी शिक्षण विभागाकडे. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. परंतु 'आज दुपारी बारापर्यंत तातडीने माहिती पाठवावी' हा मोबाइलवरचा निरोप कोणत्याच कलमात बसत नाही आणि तरीही तो भर तासाला येतो. शिक्षक खिडकीशी उभा राहून रेंज शोधत असतो आणि त्याच्या पाठीमागे दोन इयत्तांचे तीस विद्यार्थी रिकामे बसलेले असतात. त्या दहा मिनिटांत जे घडते त्याची नोंद पुढे मुलांच्या नावावर होते. परिपाठ ते मधली सुट्टी या वेळेत कोणत्याही शाळेकडून कसलीही माहिती मागवली जाणार नाही, असा लेखी आदेश विभागाने काढावा आणि तो केंद्रप्रमुखांपासून वरच्या सर्व कार्यालयांवर बंधनकारक करावा, ही विनंती आपल्या पत्राद्वारे संबंधितांपर्यंत पोहोचावी म्हणून हा पत्रप्रपंच.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा